पानावरची गर्दी

टेलरबाईंचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. एका अंगाला चपलांचं, दुसऱ्या अंगाला मोबाईल दुरुस्तीचं, आणि मधे एक मशीन, एक फळी, एक माणूस. दुसरं माणूस आलं की त्याने पायरीवर उभं राहून बोलायचं. कोट शिवायला एकेकाळी इथे लोक ताटकळायचे, हे त्या ज्याला त्याला ऐकवत. आता कामं कसली, तर रेडीमेड पँट पायात लोळते ती आखूड कर, तुटलेली चेन बदल, पोट सुटलं म्हणून शिवण सोड. "मी कुठली शिंपीण? मी उसवीण," असं म्हणायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या. जीभ कात्रीपेक्षा धारदार, पण हात असा मऊ, की टेप कधी पाठीवरून फिरली ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही.

ब्लॉगचं खूळ त्यांच्या लेकीचं. ती नोकरीला परगावी. फोनवर आईच्या गप्पा ऐकून कंटाळली असेल म्हणा किंवा खरंच वाटलं असेल म्हणा, एक दिवस म्हणाली, "आई, हे सगळं तू लिही. मी पान काढून देते. तोंडाने सांगतेस तस्संच लिहायचं."

टेलरबाई लिहायला बसल्या. एका बोटाने, मोबाईलवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. पहिल्यांदा काजावर लिहिलं. काज आधी शिवावं की आधी चिरावं, यावर त्यांनी असं काही लिहिलं होतं की काय सांगावं! मग अस्तर धुऊन वाळवून मगच बेतावं, नाहीतर पहिल्या धुण्यात कोट आतून रुसतो, यावर लिहिलं. पोस्टखाली बारीक अक्षरात 'भेटी' असं लिहून पुढे आकडा यायचा. तो आकडा म्हणजे लेक, लेकीच्या दोन मैत्रिणी, आणि चुकून आलेलं एखादं पाखरू.

नवरा टेम्पो चालवायचा. तो डोकावून विचारायचा, "किती आले आज भेटायला? चहाचं आधण ठेवू का?"

"ठेवा. तुमच्यापुरतंच ठेवा."

पण लागलं होतं मनाला. आयुष्यभर गर्दीत दुकान चालवलेली बाई ती. रिकामी पायरी तिने सोसली होती, आता हे दुसरं रिकामं दुकान कशाला उघडून बसायचं?

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, कापडासाठी कोण येतंय? लोक माणसांसाठी येतात. आणि मथळा ओढणारा पाहिजे. तुझ्याकडे माणसं काय थोडी आहेत?"

माणसं तर फळीवर घड्या घालून ठेवल्यासारखी होती. टेलरबाईंनी तालमीतल्या एका वस्तादाबद्दल लिहिलं. दर खेपेला त्याची कंबर वाढायची आणि दर खेपेला तो दम द्यायचा, 'माप तेच आहे, जुनंच धरा.' मग बाई तोंडाने जुनं माप म्हणायच्या आणि खडूने नवं मांडायच्या. वस्ताद खूश, पँट खूश. मथळा दिला, 'ज्याचं पोट फक्त टेपला दिसतं'. लोक पोट धरून हसले. कुणी कुणाला पाठवलं, त्याने आणखी कुणाला. भेटींचा आकडा एका आठवड्यात असा फुगला की टेलरबाईंना वाटलं मोबाईल बिघडला. शेजारच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, "मावशी, मोबाईल धड आहे. तुम्ही चालायला लागलात."

तिथून बाई बिघडल्या.

लांड्या हाताचा वकील आला, एका कुल्ल्याची नवरी आली, टक्कल झाकायला कॉलर उंच करून मागणारा गवई आला. लोकांना हवं तेच होतं. मोबाईल मशीनच्या फळीवर उताणा पडलेला असायचा, आणि एक डोळा सुईवर तर एक आकड्यावर. त्या नादात एकदा सुई नखातून आरपार गेली. बोट तोंडात धरून त्यांनी आधी आकडा बघितला, मग रक्त.

नवरा म्हणाला, "लोकांची अंगं चव्हाट्यावर मांडतेस, एखादा चप्पल घेऊन यायचा."

"नाव घेते का मी कुणाचं? तोंड दाखवते का? फोटो काढते तोही कपडा उलटा करून. उलटी बाजू कोण बघतंय हो?"

यात सोंग नव्हतं. शिवणकामात मुरलेल्या माणसाची ही श्रद्धाच असते. जोड, ठिगळ, चुकलेली टीप, वाढवलेलं माप, सगळी लबाडी आतल्या अंगाला. गिऱ्हाईक आरशासमोर गोल फिरतं, पण कपडा उलटा करून बघणारं टेलरबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी उलटी बाजू म्हणजे अंधारच. आपलं पान बघायला येणारे सगळे त्या अंधारासाठीच येतात, एवढी साधी गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

मग झालं काय, की माणसं संपली. संपली म्हणजे सांगण्याजोगी संपली. दोन पोस्टी फुसक्या गेल्या. आकडा उतरायला लागला तशी बाईंची भूक उतरली. 'पूर्वीसारखी मजा नाही,' असं खाली कुणीतरी लिहून गेलं, ते त्यांना सवतीच्या टोमण्यासारखं झोंबलं.

आणि त्यांना धाकटी आठवली.

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ, दिराची बायको. वीज कंपनीच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर शंभर तोंडं तिच्यासमोर येऊन ओरडून जायची आणि ती सगळ्यांना हसून वाटेला लावायची. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. कार्यालयात सांगितलं, पित्ताचे खडे. खडे कसले! डावा स्तन काढला होता. हे ठाऊक कुणाला, तर दोन भावांना आणि दोन जावांना. टेलरबाईंच्या लेकीलासुद्धा पत्ता नव्हता.

कामावर परत जायची वेळ आली तेव्हा धाकटी दुकानात आली. शटर अर्धं ओढून घेतलं. टेलरबाईंनी आधी नुसता कापूस भरून बघितला, तर तो वर वर सरकायचा. वजन नाही ना! मग सुती कापडाची पुरचुंडी केली, आत मोहरी भरली, भोवती कापूस लपेटला आणि शर्टाला आतून खिसा केला. बेतात बसलं. धाकटीने आरशात इकडून बघितलं, तिकडून बघितलं. किती दिवसांनी हसली ती.

"ताई, घामाने मोहरीला कोंब फुटले तर गं?"

"फुटू दे. भाजी होईल एका वेळची."

हसता हसता धाकटीने त्यांचा हात धरला. "ताई, हे तुझ्या मशीनच्या पलीकडे जायला नको. खिडकीत बसते गं मी. लोकांनी तोंडाकडे बघावं, बास."

"खुळी का काय तू? मी सांगेन होय?"

तीच ही टेलरबाई. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. धाकटीचा एक शर्ट काज सुटलं म्हणून दुरुस्तीला आला होता. तो उलटा करून फळीवर पसरला, खिसा आणि पुरचुंडी नीट दिसेल असा फोटो काढला आणि लिहिलं. मथळा दिला, 'एका बाजूने रिकामी झालेली बाई आणि मूठभर मोहरी'. लिहिलं मात्र जीव ओतून. दोघींचं हसणं लिहिलं, मोहरीच्या कोंबाचा विनोद लिहिला, खिडकीत बसून हसणारी बाईही लिहिली. नाव तेवढं नाही.

पान फुटलं. एका मोठ्या पानाने ते उचललं, दुसऱ्याने त्याच्यावरून उचललं. आकडा पाच अंकी झाला. कुठकुठल्या बायका लिहायला लागल्या, 'माझंही असंच झालंय', 'पुरचुंडीचं माप द्या', 'ताई, तुमच्या हाताला नमस्कार'. टेलरबाईंनी डोळे पुसले, खरंच पुसले, आणि परत आकडा बघितला.

आता तो शर्ट. राखी रंगाचा, कॉलरला पिवळी पट्टी. वीज कंपनीतल्या साऱ्यांना कंत्राटदाराकडून सरसकट गठ्ठ्याने येतो तसलाच. शंभरजण घालतात, तर ओळखणार कोण, असा बाईंचा हिशेब. पण कंत्राटदाराचा माल आतून मशीनने भर्रकन गुंडाळलेला असतो. हाताची नाजूक तुरपाई असलेला राखी शर्ट त्या कार्यालयात एकीच्याच अंगावर होता, आणि 'माझी जाऊ शिवते, तुमच्यासारखं पोतं नाही घालत मी,' असं तीच मिरवत सांगायची. जेवणाच्या सुट्टीत एका मीटरवाल्याने फोटो उघडला, स्वतःच्या शर्टाचं टोक उलटं करून शेजारी धरलं आणि म्हणाला, "आपला आतून असा नाही रे." मग सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. तोंडाकडे नाही बघितलं.

संध्याकाळी धाकटी पायरीवर येऊन उभी राहिली. हातात पिशवी. पिशवीत तिचे सगळे शर्ट.

"ताई, काढ ते."

टेलरबाईंच्या तोंडातून निघालं भलतंच. "अगं, किती जणींना उपयोग होतोय बघ तरी. हे वाच, ही काय लिहितेय—"

"त्यांचं भलं झालं. माझं काय झालं ते बघ."

"फोटो काढते. आत्ता, तुझ्यासमोर काढून टाकते. लिहिलेलं राहू दे दोन दिवस. आत्ताच कुठे चाललंय गं…"

"चाललंय?" धाकटी ओरडली नाही. ओरडणाऱ्यांशी दिवसभर बोलून तिला हळू बोलायची सवय होती. "तुझ्या दारात कुणी येईना म्हणून माझ्यावर गिऱ्हाईक लावलंस होय?"

पिशवी तिने पायरीवर ठेवली. चपलांच्या दुकानातला नोकर मान वळवून बघत होता. ती गेली.

टेलरबाईंनी फोटो पानावरून काढून टाकला. लिहिलेलं नाही काढलं. नवरा म्हणाला, काढ. लेकीला सगळं कळलं तेव्हा ती फोनवर रडली, म्हणाली, काढ. बाई म्हणायच्या, "काढते म्हटलं ना, मला कळत नाही का?" आणि काढलं केव्हा, तर आकडा आपल्या आपण बसला तेव्हा. हे त्या कुणापाशी कबूल करणार नाहीत, पण खरं तेच आहे. तोवर ते इतक्या जागी चिकटलं होतं की मूळ पान राहिलं काय नि गेलं काय. फोटोही तसाच फिरत होता, तुरपाईसकट.

दीर बोलायचा बंद झाला. धाकटी फोन उचलेना. शेवटी टेलरबाई दुकानाचं वीजबिल घेऊन कार्यालयात गेल्या. बिलात काही चूक नव्हती. त्या रांगेत उभ्या राहिल्या.

खिडकीत धाकटी होती. कंत्राटदाराचा शर्ट अंगावर. आत काही भरलेलं नाही. एका बाजूने कापड नुसतं लोंबत होतं आणि खांद्याला ओढ बसून कॉलर तिरकी झाली होती. रांगेतली माणसं एकदा बघायची आणि मग भिंतीवरचं घड्याळ बघायची.

"ग्राहक क्रमांक?"

"अगं, मी आहे…"

"क्रमांक सांगा, बाई. मागे लोक खोळंबलेत."

टेलरबाईंनी क्रमांक सांगितला. धाकटीने तो दाबला, पडदा बघितला. "बिल बरोबर आहे तुमचं. तक्रार काय?"

माफी मागायला आलेल्या बाईचे डोळे त्या खांद्यावरून हलेनात. म्हणायचं ते राहिलं बाजूला आणि बाहेर आलं ते हे, "खांद्यात ओढतोय तो शर्ट. दे माझ्याकडे, एक टीप सोडली की—"

"ओढू दे. शिवून घेतलेलाच जास्त काचला मला." आणि मान बाजूला करून तिने मागच्या माणसाला विचारलं, "हां काका, बोला, कधीपासून लाईट नाही?"

त्यानंतर बाईंनी पानावर पुन्हा काजाबद्दल लिहिलं. मग हातशिलाईच्या दोऱ्याला मेण लावण्याबद्दल. आकडा पहिल्यापेक्षाही खाली आला, म्हणजे लेकसुद्धा उघडत नसावी. एकाने खाली लिहिलं, 'हे काय, पुन्हा तसलं काहीतरी येऊ द्या ना.' बाईंनी मोबाईल पालथा घातला.

एका सकाळी पायरीवर अनोळखी बाई उभी होती. हातात प्रवासाची पिशवी, अंगावर ढगळ कपडे, एक हात उगाच छातीशी धरलेला. शेजारच्या दुरुस्तीवाल्याला पत्ता विचारत आली होती.

"मोहरीवाल्या टेलरबाई तुम्हीच ना? मी वाचलं होतं. लांबून आलेय."

टेलरबाई उठल्या. शटर अर्धं ओढलं. पाहुणीला आत घेतलं आणि स्वतः भिंतीला चिकटल्या, तेव्हा कुठे दोघी मावल्या. गळ्यातली टेप काढली.

ती बाई ओढणी सारता सारता थांबली. हळूच म्हणाली, "आमच्याकडे कुणालाच माहीत नाही हो. तुम्ही कुठे बोलणार नाही ना?"

बाहेर चपलांच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं. टेलरबाईंनी टेपचं टोक बोटात धरलं.

"हात जरा वर करा," त्या म्हणाल्या.