विमलनं शेवट सांगितला नाही

विमल इंगळे गेल्याचं तिच्या भाच्यानं बीबी गावाहून येऊन सांगितलं, तेव्हा मी नववीच्या वर्गात शिकवत होते. फळ्यावरचं वाक्य पुरं केलं, मग खुर्चीत बसले... महिना झाला त्याला. शोकसभेत सगळे म्हणाले, विमलताई फार क्षमाशील होत्या. हे खोटं आहे. मी तिची मैत्रीण, मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका म्हणून बरोबरच लागलो. महाराष्ट्र नुकता झाला होता, आणि त्याआधी थोडीच वर्षं तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. वाचनालयानं मला सभासद करून घेतलं. तिला सेक्रेटरी म्हणाले, सध्या जागा नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. ते गेल्यावर त्यांच्याबद्दल लिहायला त्यांची माणसं आहेत. मग मी माझ्या नावावर पुस्तक आणायचं आणि मधल्या सुट्टीत दोघींनी वाचायचं. अशीच एकदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबरी आणली. मोठ्या घरातला म्हातारा विष घालून मारलेला, पाहुणे घरातच अडकलेले, आणि कमी बोलणारा एक डिटेक्टिव्ह. डब्यातली भाकरी हातात तशीच राहायची. अडलेल्या शब्दापाशी विमल थांबू द्यायची नाही. "पुढं चाल वं, खुनी पळून जाईन," म्हणायची. रोज तिचा संशय नव्या माणसावर. पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर धुकं उतरलं की म्हणायची, घे, लंडन आलं.

शेवटची थोडी पानं राहिली होती. मुदत वाढवून घ्यायला गेलो, तर सेक्रेटरींनी पुस्तक विमलच्या हातात पाहिलं. भरल्या वाचनालयात हसून म्हणाले, "कशाला त्रास घेता बाई? खून पाद्र्यानं केलाय." लोक हसले.

ती तरातरा कोपऱ्यापर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "मी नाही सोडणार त्याले."

पुस्तक मात्र तिनं टाकलं नाही. पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, आता फक्त पाद्र्याकडे पाहत. तो विधवेचं सांत्वन कसं करतो, चहा कसा ओततो... त्याले वाटते कोणी पाहून नाही राह्यलं, असं म्हणत ती पानं चवीनं उलटायची. पहिल्यापेक्षा जास्त गोडी लागली होती तिला. सेक्रेटरींकडेही ती तशीच पाहू लागली. भेटले की नमस्कार, घरच्यांची चौकशी.

पुढे सरकारी अनुदान हवं म्हणून वाचनालय सगळ्यांना खुलं करावं लागलं. विमल सभासद झाली. मग तिच्याकडे शिकून नोकरीला लागलेल्या मुली, नर्सा, मास्तरणी, कचेरीतल्या टायपिस्ट, एकेक करून तिनं सभासद म्हणून आत आणल्या. त्याची वाच्यता कुठे केली नाही. एका वार्षिक सभेत हात वर झाले आणि सेक्रेटरींची खुर्ची तिच्याकडे आली. ते पांढरे पडले. बाई, आधी सांगायचं तरी, एवढंच म्हणाले.

"आधी शेवट सांगतला तं मजा जाते, साहेब."

एवढ्यानं तिचं भागलं नाही. रिकामे झालेले सेक्रेटरी रोज दुपारी खिडकीशी बसून रहस्यकथा वाचू लागले. विमल मागून जायची, थांबायची, कुठल्या पानावर आलेत ते वाकून पाहायची आणि नुसतं "हं" म्हणून निघून जायची. त्यांचं बोट ओळीवर थिजायचं. शेवट तिनं एकदाही फोडला नाही. मी एकदा म्हटलं, पुरे आता, म्हातारा झाला तो. तर म्हणाली, मी काय केलं? मी तं बोललीच नाही काही.

परवा वाचनालयात गेले. ते खिडकीशी पाय लांब करून वाचत होते. विमल गेल्यापासून निवांतच असतात. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.