उतरतेसाहेब आणि बाळंतिणींची दाढी

आमच्या रुग्णालयात आकडेवारीच्या खोलीचे जे प्रमुख आहेत, त्यांना सगळे ‘उतरतेसाहेब’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. जगातली प्रत्येक गोष्ट मोठ्याकडून लहानाकडे लागलेली असावी, एवढी एकच अक्कल या गृहस्थानं बावीस वर्षांच्या नोकरीत कमावली. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार. घरी दोन्ही मेहुण्यांना पगाराप्रमाणे बसवतात, असं त्यांची बायकोच सांगते.

गेल्या महिन्यात रुग्णांच्या तक्रारींचा तक्ता करायचा होता. ज्या विभागाच्या तक्रारी जास्त, तिथल्या मुख्य सिस्टरची बदली थेट भांडारात. संगणकानं आपले विभाग अक्षरांप्रमाणे लावले: नेत्र, पुरुष, प्रसूती, बाल.

“हा कसला अडाणी क्रम? सगळ्यात जास्त खाटा बालविभागाच्या. तो वर हवा, नेत्र तळाला!” म्हणत साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि क्रम स्वतः उलटा केला. केला म्हणजे काय, तर माहिती होती तिथंच ठेवून नावं तेवढी उलटी लिहिली. बरण्या न हलवता चिठ्ठ्या बदलल्यासारखं.

“साहेब, नावं फिरली, तक्रारी नाही फिरल्या.”

“तुला इथं किती दिवस झाले?”

“आठ महिने.”

“मग गप्प बस.”

बसलो. चौथ्या दिवशी प्रसूतीच्या सिस्टर बदलीचा आदेश आणि तक्रारींची यादी घेऊन खोलीत आल्या.

“एकवीस वर्षं बाळंतपणं करतेय, साहेब. एकसष्ट तक्रारी?”

“आकडे आहेत, बाई. आकड्यांना भाऊ-बहीण नसतात.”

“मग ही पंधरावी वाचा. मोठ्यानं.”

साहेबांनी चष्मा सारखा केला. “दाढी करायला न्हावी तीन-तीन दिवस फिरकत नाही.”

“माझ्या कुठल्या बाळंतिणीला दाढी आलीय ते दाखवा. मी स्वतः करून देते.”

दुपारपर्यंत बदली रद्द झाली. साहेबांकडे खुलासा मागितला गेला. त्यांनी जबाबदारांची यादी दिली, उतरत्या क्रमानेच: संगणक, वीज, मी. स्वतःला कुठं बसवावं ते त्यांना सापडलं नसावं.

आदेश फाडून निघताना सिस्टरांनी टेबलावरची सगळ्यात आखूड पेन्सिल उचलली आणि रांगेत पहिली ठेवली. तेव्हा कुठं साहेबांच्या चेहऱ्यावर खरं दुःख दिसलं.