स्पुतनिक आणि बाबांचे कान

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आमचे बाबा रेल्वेत, दुर्ग लाईनीवरच्या सिग्नलच्या केबिनीत. पलीकडच्या स्टेशनातून घंटीचा एक ठोका आला की इकडून एक ठोका परत द्यायचा. तो दिल्याशिवाय गाडीची बोलणी पुढे सरकत नाहीत. मी सतरा वर्षांची, लग्नाची, म्हणजे घरच्यांच्या लेखी डोक्यावरचं ओझं.

त्या दिवसांत रशियानं आकाशात स्पुतनिक सोडला. शेजारचे काका कारखान्यात रशियन साहेबाच्या हाताखाली इलेक्ट्रिशियन, त्यामुळे त्यांच्या डोक्यात भारीच हवा. त्यांच्या रेडिओवर स्पुतनिकचा आवाज ऐकवणार म्हणून संध्याकाळी सगळे त्यांच्या अंगणात जमलो. बारीकसा आवाज आला, पिप, पिप, पिप. काका सांगू लागले, वर तार नाही, हवासुद्धा नाही, तरी रेडिओची लहर तिथून इथवर येते.

‘‘अन् खालून परत ठोका कोन देते?’’ बाबांनी विचारलं.

‘‘कोनी नाही. तो नुसता पाठवून राहिला. त्याले ऐकाची सोयच नाही.’’

‘‘मंग आपन ऐकलं हे त्याले समजन कसं? बिनकामाचा सिग्नल हाये बापा तुमचा!’’

सगळे हसले. बाबा सवयीनं गुडघ्यावर बोट आपटून प्रत्येक पिपला उत्तर देत होते. मग आवाज संपला, नुसती खरखर उरली. बाबांचं बोट चालूच होतं.

घरी येऊन आईला सांगितलं, बाबांना नीट ऐकू येत नाही. ती कणीक मळत होती. ‘‘मले दोन वर्षांपासून माहीत हाये,’’ ती म्हणाली. ‘‘झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी गेली त क्वार्टर गेलं. तुह्यं लगन कोन करन?’’

‘‘अवं, मानसांनी भरलेल्या गाड्या जाते तिथून!’’ मी ओरडले. असा राग आला होता तिचा! तिनं कणकेला पाण्याचा हात लावला आणि मळत राहिली.

चार दिवसांनी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन केबिनीत गेले. बाबा पाठमोरे, सिग्नल पाडायच्या टोकाच्या खटक्याला तेल देत होते. घंटी वाजली. ‘‘बाबा!’’ मी हाक मारली. ते वळले नाहीत. घंटीच्या यंत्राला आम्ही हात लावायचा नाही, आणि लावून करणार तरी काय? घंटी पुन्हा वाजली. मी जागच्या जागी थिजले होते. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा कुठे धावले आणि त्यांची बाही ओढली.

बाबांनी झेप घेऊन ठोका परत दिला, पुढचं सगळं नीट केलं, आणि मग स्टुलावर बसले. घामानं सदरा भिजला होता.

‘‘किती वेळा वाजली?’’ त्यांनी विचारलं. ‘‘एकापेक्षा जास्त असन त मी आजच साहेबाले सांगतो, केबिन सोडतो. खरं सांग, पोरी. माह्या कानाचा आता मलेच भरोसा नाही.’’

तीनदा, बाबा, तीनदा. शब्द अगदी ओठावर आला होता.

‘‘एकदाच,’’ मी म्हणाले. ‘‘तुमी वळूनच राहिले होते.’’

‘‘मंग ठीक हाये,’’ म्हणून त्यांनी हात धुतले आणि डबा उघडला. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. मी खिडकीशी उभी होते. खालून पॅसेंजर चालली होती. एका बाईनं मांडीवरच्या तान्ह्या पोराचा हात धरून माझ्याकडे बघत हलवला. माझा हात काही वर गेला नाही.