विजूमामा सुईला घाबरत नव्हता

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, कारण आईने लिहायला हो म्हटलंय आणि तासाभरात ती नाहीही म्हणेल! माझा विजूमामा गेला, त्याला आता महिना होईल. आईचा धाकटा भाऊ, काळाचौकीला आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचा. लिव्हरचा कॅन्सर. रिपोर्ट आल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि खरं सांगते, आधी रडूच आलं नाही, मी नुसती गोंधळले... कारण मामाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. स्मशानातही लोक कुजबुजत होते, "लपून पीत असेल रे." अरे कधी? विसर्जनाच्या रात्री सगळी पोरं टाइट, तेव्हा एकेकाला घरी पोचवणारा हाच!

चाळीत त्याची एकच गोष्ट फेमस होती. मामा सुईला घाबरतो. आमच्या मंडळाचं दर वर्षी रक्तदान शिबिर असतं. मामा मंडप बांधणार, पोरांना झोपेतून उठवून आणणार आणि स्वतः बिस्किटं-कॉफीच्या टेबलामागे उभा. "विजूशेठ, या की, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त!" "नको रे बाबा, बघूनच चक्कर येते मला." सगळे हसायचे. मीही. आणि मामा सगळ्यात मोठ्याने.

मग तेराव्याला मामी बोलली. पाहुणे गेले होते, आम्ही तिघी भांडी आवरत होतो, आणि ती एकदम म्हणाली, "ताई, ह्यांनी रक्त दिलं होतं. लग्न झालं त्या वर्षी." म्हणजे? म्हणजे रक्त तपासल्यावर ब्लड बँकेतून फोन आला होता, हिपॅटायटिस बी आहे, यापुढे रक्त देऊ नका. मामाला तर काहीच होत नव्हतं! पण डॉक्टरांनी बजावलेलं, हा व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो, त्रास नसला तरी लिव्हरमध्ये गाठ होऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करायचीच. मामा जायचाही. पण परळच्या हॉस्पिटलात आमची निम्मी चाळ कामाला! एकदा सोनोग्राफीच्या लाइनमध्ये खालचे तावडेकाका भेटले, "काय रे विज्या, इकडे कुठे?" त्यानंतर तो गेलाच नाही. पोटात दुखायला लागलं, वजन उतरलं, तोवर गाठ एवढी झालेली की...

"पण लपवायचं कशाला?" आई ओरडलीच.

मामी खाली बघत म्हणाली, "तुमच्या डब्यांसाठी."

आई जेवणाचे डबे करते. बाबा गेल्यापासून आमचं घर त्यावरच चालतं. मामाला भीती, आपलं कळलं तर लोक म्हणणार, बहिणीलाही असेल, तिच्या हातचं कसं खायचं? अरे, पण जेवणातून हे पसरतच नाही! रक्तातून पसरतं, शरीरसंबंधातून पसरतं, बाळंतपणात आईकडून बाळाला जातं. म्हणून तर सगळ्या भावंडांनी तपासून घ्यायचं असतं... म्हणजे बहिणीला सांभाळायला तो गप्प बसला, आणि त्यामुळेच तिची तपासणी राहिली! मी त्याच्यावर चिडू की त्याच्या पाया पडू? खरंच कळत नाहीये.

मामीची टेस्ट आणि लस तेव्हाच झालेली; आता आम्ही दोघींनी टेस्ट केली. मी निगेटिव्ह, मला लहानपणी लस दिलेली. आई पॉझिटिव्ह. तिची सोनोग्राफी क्लीन आली, देवा... आता दर सहा महिन्यांनी जायचं. मामा जात राहिला असता तर गाठ लहान असतानाच सापडली असती का, मी डॉक्टरांना विचारलं. "शक्यता होती," एवढंच म्हणाले. या शक्यतेचं मी काय करू?

आणि आज सकाळी आईने काय केलं माहितीये? डबे भरता भरता म्हणाली, "मी सगळ्यांका सांगतंय." आई तापली की मालवणीत शिरते. "ज्याका नको, तेना दुसरीकडे जेवचा." आणि डबा न्यायला आलेल्या प्रत्येकाला तिने दारातच सांगितलं. मला हे आहे, जेवणातून होत नाही, तरी तुमचं तुम्ही ठरवा. एक बाई डबा न घेताच गेल्या. बाकीचे "बरं" म्हणाले आणि घेऊन गेले. त्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. संध्याकाळी डबे परत येतील, रिकामे की तसेच भरलेले... आई शांतपणे कांदा चिरतेय आणि मी दारात बसून हे टाइप करतेय.

तुमच्या घरी कुणी असं, तुमच्याच भल्यासाठी, गप्प राहिलं होतं का हो? मग तुम्ही काय केलंत, भांडलात की माफ केलंत?