पहिला दिवा सदाशिवच्या तेलाचा

गोव्यातल्या तुये गावात इनास मेस्ताला न ओळखणारा कोणी भेटलाच, तर तो कालच कोल्हापूरहून औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला लागलेला असणार. आणि त्याचीही पॅन्ट उसवली की ओळख होणारच, कारण शिंपी एकच, इनास!

दिवसा मशीन, संध्याकाळी व्हायोलिन. चर्चमधल्या पोरांना गायला शिकवायचा म्हणून मेस्त. आणि माणूस असा कडक की विचारू नका. बिनबाह्यांचा फ्रॉक शिवणार नाही म्हणजे नाही. कुणी पोरगी सिनेमातल्या नटीचा फोटो घेऊन आली की चष्मा वर करून विचारायचा, "हिका थंडी वाजत नाय गे?" ईस्टरच्या आधीच्या उपासात घरात कॅसेट बंद. म्हापशाला कॉलेजात जाणारी त्याची मुलगी फिलू चिडायची, "पापा, जग खंय पोचला!"

"पोचूंदे. पोचल्यार माका सांग."

राजकारणातही तसाच. मत द्यायच्या आधी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकायचा. पुढाऱ्याला विचारून मत देणाऱ्याने पुढाऱ्यापुढेच गुडघे टेकावेत, असं त्याचं म्हणणं.

आईने शिकवलेली प्रार्थना कोंकणीतली, म्हणून गोव्याची राजभाषा कोणती ह्या भांडणात तो कोंकणीवाला. शेजारचा सदाशिव मराठीवाला, कारण त्याच्या घरातली आरती, भजन, पोरांची पुस्तकं सगळं मराठीत. लहानपणापासूनचे दोस्त दोघे! एके दिवशी बाजारात, माशांच्या टोपल्यांपुढे, सगळ्यांच्या देखत जुंपली.

"तुका मराठीच होई तर तेरेखोलची होडी धर आनी जा पल्याड म्हाराष्ट्रात!" इनास ओरडला.

"आनी तू धर लिस्बनचा जहाज!" सदाशिवने परतवलं.

झालं. बोलणंच बंद. भाषेचा कायदा झाला, भांडण थंडावलं, शेवटी सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात गोवा वेगळं राज्यसुद्धा झालं, पण मधल्या कुंपणावरून एक शब्द इकडचा तिकडे जाईना.

आणि त्याच आठवड्यात वाटेवरच्या खुरसाचं, म्हणजे क्रॉसचं, फेस्त आलं, वर्षाचा सण. संध्याकाळी सगळा वाडा, म्हणजे सगळी आळी, जमून लादाईन गातो. मेस्त व्हायोलिनवर सूर देतो, बाकीचे प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे. पण त्याआधी एक नेम. पहिला दिवा सदाशिवच्या घरच्या खोबरेलाचा. त्याच्या आजीने कधीतरी तापाच्या साथीत ह्या खुरसाला नवस केला होता, पोर वाचलं, तेव्हापासून त्यांचं तेल आल्याशिवाय लादाईन सुरू झालेली नाही. कधीच नाही.

त्या संध्याकाळी सगळे आले. पणती रिकामी. सदाशिव नाही.

आला कोण, तर पुढारी! जीप, कर्णा, मागे कॅसेटांचं खोकं. नव्या राज्याबद्दल खुरसाच्या पायरीवरून दोन शब्द बोलणार, मग डिस्को, आणि खुरसावर पक्कं छप्परही बांधून देणार. पोरं खूश. फिलू सगळ्यांत पुढे.

"मेस्त, सुरू करा," पुढारी म्हणाला.

"तेल येवंक नाय."

"तेल? ए, जीपमधला डबा आण रे!"

"डबो आसूंदे थंयच. ह्या पणतीक ता तेल चलना नाय."

"अहो, राज्य झालं आपलं! आणि तुम्ही पणतीवर अडलात?"

"राज्य तुमी केलात, बरा केलात," इनास म्हणाला. "ह्यो नेम आमच्या म्हाताऱ्यांनी केलो. तो तुमच्यान मोडचो नाय, माझ्यानय मोडचो नाय."

कुजबूज सुरू झाली. छप्पर जाणार, डिस्को जाणार, एका मराठीवाल्यासाठी? "आमचेच बरे कोंकणीवाले," कोणीतरी टोमणा मारला. इनासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण व्हायोलिन काही खांद्यावर चढेना. धास्ती त्याला वेगळीच. आज दिवा लागला नाही तर पुढच्या वर्षी कोण कशाला थांबेल? उद्या पोरं म्हणतील, कर्णा लावा आणि मोकळे व्हा.

फिलू तणतणत सदाशिवच्या घरी गेली. परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन.

"पापा, तांब्यो भरून दारात ठेवलो आसा. सदाशिवमामा धुतलेला धोतर नेसून बसलो आसा. म्हणता, दर वर्सा तुजो पापा स्वताच्या पायान आपोवक येता. औंदा येवंक नाय. बिनआमंत्रणाचो कसो येव?"

आता बोला! आमंत्रणाला जायचं हाही त्याच नेमाचा अर्धा भाग, आणि नेमवाला इनासच तो गिळून बसला होता. भांडणाच्या तोऱ्यात!

इनास वळला. व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि लादाईनीचा पहिला सूर वाजवत सरळ सदाशिवच्या अंगणाकडे चालायला लागला. मागून सगळा वाडा! पुढारी पायरीवर एकटा.

सदाशिव दारातच उभा होता. "काय रे मेस्ता, लिस्बनचा जहाज चुकला?"

"चुकला. तुजी होडी?"

"ओहोटी लागली." सदाशिवने तांब्या उचलला. त्याची बायको यशोदावहिनी आतून ओरडली, "हसतास काय? तेल सांडतला!"

दोघे बरोबर आले, खांद्याला खांदा. सदाशिवने दिवा लावला. इनासने पुढाऱ्याकडे पाहून हात जोडले, "बाब, कर्णो बंद. पण तुमी लादाईन गावक रवा." आणि तो राहिलाही, शेवटच्या रांगेत, न येणारे शब्द पुटपुटत. इनास कोंकणीत ओळ म्हणायचा, सगळा वाडा उत्तर द्यायचा, आणि त्यात सदाशिवचा भजनी आवाज सगळ्यांच्या वर!

छप्पर झालं नाही. खुरीस अजून उघड्यावरच आहे.

चणे वाटताना फिलू बापाजवळ आली, डोळे ओले. "पापा, असो मेस्त दुसऱ्या खंयच्याच गावात नाय."

इनासने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाहेरून शिवून आणलेला नवा फ्रॉक, बिनबाह्यांचा!

"फाल्यां सकाळी दुकानात घेवन ये," तो म्हणाला. "बाह्यो लावतंय."