आई मागून येतेय

रविवारी पोरांना घेऊन फुकटात कुठं कुठं जाता येतं, या विषयावर मला कुणी भाषणाला बोलावलं तर मी तासभर सहज बोलेन. नेरूळच्या खाडीकडेला थंडीत फ्लेमिंगो उतरतात. मॉलमध्ये काचेची लिफ्ट असते, तिच्यातून कितीही वेळा वर-खाली केलं तरी कुणी हटकत नाही, फक्त हातात एखादी पिशवी असली पाहिजे. स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की खालून मालगाडी जाते आणि पोरं डबे मोजता मोजता भांडतात. हल्ली त्यात विमानांची भर पडली आहे. ही सगळी अक्कल माझी नाही, माझ्या बायकोची. रविवारी घरात बसणं तिला पाप वाटायचं आणि पैसे टाकून हिंडणं मूर्खपणा. "फुकट ते पौष्टिक," असं म्हणून ती चपला घालायची, मी पेपर अर्धा टाकून उठायचो, आणि पोरगी आधीच जिन्यात पोचलेली असायची.

तिचा सगळ्यात भारी शोध म्हणजे सॅम्पल फ्लॅट. इमारतीचा पाया खणत असतानाच बिल्डर शेजारी एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवतो. फोन केला की स्टेशनवर गाडी येते. चहा, बिस्किटं, गारेगार एसी, पोरांना रंगीत खडू. आमच्यासारखी निम्मी मंडळी घर घ्यायला आलेली नसतात हे त्यांना माहीत असतं, आणि त्यांना माहीत आहे हे आम्हालाही माहीत असतं. तरी दोन्ही बाजू आब राखून बोलतात. तिथं सगळं दहा मिनिटांवर असतं. स्टेशन दहा मिनिटांवर, शाळा दहा मिनिटांवर, एअरपोर्ट तर खिडकीत. मी दिघ्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे, सानपाड्याहून रोज जातो, दहा मिनिटं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पण चहा फुकट असल्यावर वाद घालू नये.

दाराशी वॉचमन बुटांवर चढवायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या देतो, टोपीसारख्या, इलास्टिकच्या. त्या घातल्या की पोरगी चकचकीत फरशीवरून घसरत घसरत पार बेडरूमपर्यंत जायची. मी तिच्या मागे. आणि बायको सगळ्यात शेवटी, कारण तिला प्रत्येक गोष्ट तपासायची असायची. कपाटातली पुस्तकं नुसते पुठ्ठे आहेत, हे तिनंच पहिल्यांदा काढून दाखवलं. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड करतात, हेही तिनंच तिथं आडवं होऊन सिद्ध केलं. ती स्वतः त्यावर बरोबर मावली, माझे पाय बाहेर आले, आणि सेल्सच्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. स्वयंपाकघरात तर ती ओट्यासमोर उभी राहून खोटी पोळी लाटायची. ती बुटकी होती. आमच्या घरचा ओटा तिला उंच पडायचा, म्हणून ओट्यासमोर कायम एक पाट असायचा आणि मी रोज सकाळी त्याला ठेचकाळायचो.

तर आम्ही दोघं पुढं पोचलो की सेल्सवाला विचारायचा, "मॅडम कुठंयत?" त्यांना मॅडम लागतातच. घर बघतो नवरा, पण ठरवते बायको, हे त्यांना शिकवलेलं असतं. मग पोरगी ओरडून सांगायची, "आई मागून येतेय!" आणि ती यायची.

गेल्या वर्षी गणपतीनंतर ती गेली. तापाचं निमित्त झालं. आठवडाभरात सगळं संपलं.

मला काही झालं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की आपलाच गाल आपला राहत नाही, हात लावला तरी दुसऱ्याला लावल्यासारखा वाटतो, तसं मला सगळ्या अंगभर झालं होतं. साताऱ्याकडून माणसं आली, त्यांची झोपायची सोय मी लावली. तेराव्याला जेवण पुरेल ना, याची मला खरोखर काळजी लागली होती, आणि पुरल्यावर बरं वाटलं. नंतर कामावर गेलो, बिघडलेला कॉम्प्रेसर उघडला, दुरुस्त केला, डबा खाल्ला. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. लोकांना काय, कुणी रडलं तर म्हणतात सावर, नाही रडलं तर म्हणतात खंबीर. पाट मी हलवला नाही. त्याला ठेचकाळतही होतो, पण लागत नव्हतं.

पोरगी त्या दिवसांत दिघ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे होती. सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली. ती परत आली ती गप्प. रडली नाही, काही विचारलं नाही, दप्तर जागेवर ठेवलं आणि टीव्ही लावला. मी बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, हिला काय सांगितलंस?

"सांगितलंय म्या," बहीण म्हणाली. "आई द्येवाघरी गेली म्हनून. आता तू नगं उकरत बसू."

मी उकरलं नाही. पण देवाघरी म्हणजे पोरीला काय कळलं असेल? आमच्याकडे माणसं आत्याच्या घरी जातात, मामाच्या घरी जातात, आणि परत येतात. तिच्या डोक्यात नेमकं काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. धीर तरी कसला, विचारायला तोंड उघडावं एवढी हालचालच आत होत नव्हती.

मग रविवार आला. पोरगी अंघोळ करून, केस स्वतःच वेडेवाकडे विंचरून माझ्यासमोर उभी राहिली. "आज कुठं जायचं?" मला बायकोच्या यादीबाहेरचं काहीच येत नव्हतं. मी फोन केला. गाडी आली. कुठल्याशा साइटवर उतरलो, तर तिनं वॉचमनकडून निळ्या पिशव्यांचे तीन जोड घेतले. एक तिचा, एक माझा. तिसरा तिनं उंबऱ्याशी नीट जोडून ठेवला. मी माझा जोड चढवला. आत सेल्सच्या माणसानं नेहमीचं विचारलं, "मॅडम नाही आल्या?"

"आई मागून येतेय," पोरगी म्हणाली. अगदी पूर्वीच्याच सुरात.

माझ्या छातीत धस्स वगैरे काही झालं नाही. उलट बरं वाटलं. दोन पावलं मागं ती कुठलं तरी कपाट उघडून बघतेय असं क्षणभर वाटलं, आणि तेवढ्यापुरता मी सुखात होतो. सेल्सवाला मान हलवून पुढं बोलू लागला, आम्ही बेडरूम बघितली, चहा प्यालो, निघालो. येताना तिसरा जोड तसाच उंबऱ्याशी होता.

त्यानंतर दर रविवारी हेच. साइट वेगळी, माणूस वेगळा, वाक्य तेच. दोन-तीन रविवारांनंतर मात्र मला भीती वाटायला लागली. पोरगी खरंच वाट बघत असेल तर? आपण गप्प राहून तिला त्या वाटेकडे बघायला लावतोय, आणि हे जितकं लांबेल तितकं पुढं तिला जड जाईल, एवढं मला समजत होतं. रात्री ती झोपली की मी ठरवायचो, उद्या बोलायचं. सकाळी तिची वेणी घालायचो, ती वाकडी व्हायची, आणि शाळेची रिक्षा यायची. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती माझ्यावरच उलटली. "आगं बया! मग नीट सांग की तिला. बाप हाईस न्हवं तू?" उकरू नको म्हणणारी हीच.

आणि एका रविवारी पोरगी म्हणाली, "पप्पा, आज करंजाडे."

करंजाड्याला मला जायचं नव्हतं. तिथला एकच फ्लॅट बायकोला मनापासून आवडला होता. ओटा तिच्या मापाचा होता. तिनं तिथं पोळ्या लाटायचं नाटक केलं नव्हतं, नुसता हात फिरवला होता, आणि परत येताना बसमध्ये म्हणाली होती, "खरंच घेऊया का हो?" मी म्हणालो होतो, "बघू." नवऱ्याच्या बघूचा अर्थ बायकांना कळतो.

तिथली सेल्सची मुलगी तीच होती, जवळच्याच गावातली, नीटनेटकी, गळ्यात ओळखपत्र. आम्हाला बघून तिचा चेहरा खुलला. "सर, तुमी! या ना. आणि मॅडम? ओट्यावाल्या मॅडम, मला पक्क्या लक्षात आहेत."

पोरगी तिसरा जोड उंबऱ्याशी ठेवत होती. "आई मागून येतेय," ती म्हणाली.

इतर ठिकाणी यावर माणसं पुढं चालू लागायची. ही मुलगी थांबली. "मग थांबूया ना आपण. घाई काय? किचनमधे चेंज केलाय, तो पहिले मॅडमनाच दाखवणार मी." तिनं आम्हाला त्या नमुन्याच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं आणि चहा मागवला. माझा, तिचा, पोरीला बिस्किटं, आणि एक कप जास्तीचा. त्या कपावर तिनं बशी पालथी घातली. "गार नको व्हायला," म्हणाली.

आणि आम्ही वाट बघत बसलो.

वरून एक विमान गेलं. मुलगी उठून बाहेर डोकावून आली. "नव्या बिल्डिंगच्या लिफ्टजवळ असतील का? नाही, लिफ्ट चालूच नाही," असं स्वतःशीच म्हणून हसली आणि परत बसली. सॅम्पल फ्लॅटच्या खोल्यांना दारं नसतात, जागा मोठी दिसावी म्हणून. सोफ्यावरून पार ओटा दिसत होता. माझा चहा संपला. मला उठून जावंसं वाटत होतं, पण मी रिकामा कप धरून बसलो. मी पोरीकडे बघितलं. मला वाटलं होतं ती बाहेरच्या दाराकडे बघत असेल. ती तिकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. आजारी माणसाला औषध लागू पडलं का ते बघतात, तसं.

"मॅडम येणार नाहीत," मी म्हणालो. "ती वारली. गणपतीनंतर."

हे वाक्य मी तोवर एकदाही उच्चारलं नव्हतं. सगळ्यांना बहिणीनंच कळवलं होतं. ते तोंडाबाहेर पडलं आणि इंजेक्शन उतरलं. मी रडलो. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, परक्या सोफ्यावर, कुणाच्या तरी पुठ्ठ्याच्या पुस्तकांसमोर. बायको मेली होती आणि मी तिला बघू म्हणालो होतो.

सेल्सची मुलगी घाबरून उभी राहिली. तिचं सगळं शिकवलेलं बोलणं गेलं. "पानी आनू?" ती पोरीला विचारत होती, "काय झाला यांना? पानी आनू का?"

पोरगी सोफ्यावरून उतरली. दाराशी गेली, तिसरा जोड उचलला आणि वॉचमनच्या टोपलीत टाकून आली. मग माझ्या शेजारी उभी राहून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या मुलीला समजावून सांगितलं, "पप्पांना माहीत नव्हतं. त्यांना आत्ता कळलं."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. खारघर गेलं. मग मी विचारलं, तुला कधी कळलं होतं?

"आत्याकडेच," ती म्हणाली. "आई मेली, आता परत नाही येणार. मी तिथं खूप रडले. मग आत्या म्हणाली, पप्पांसमोर रडू नको, आईचं काही बोलू नको, त्यांना सहन नाही होणार."

"मग ते आई मागून येतेय?"

"तुम्हीच शोधत होता ना तिला. सारखं तिच्याच घरांमध्ये जात होता." "तुम्ही रडलाच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मी तिचा हात हातात घेतला. बस बेलापूरच्या उतारावर होती.

"पप्पा," ती म्हणाली, "आता घरी गेल्यावर मी रडले तर चालेल?"

चालेल, मी म्हणालो.

सानपाडा यायला अजून बराच वेळ होता. ती तोवर थांबली नाही.