उम्म सालिमची गाडी चुकली तो दिवस

त्या वर्षी मी नमाज सोडली होती. आज हे लिहिताना लाज वाटत नाही, कारण जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं ठरवूनच बसले आहे. साठ सालानंतरची ती एक-दोन वर्षं. आम्ही कुवेतला मिरकाबमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. माझा घरधनी मोटारीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात स्टोअरकीपर होता. आमची पहिली मुलगी, नसीम, तिथेच जन्मली आणि ती दोन महिन्यांची असताना माझे सांधे धरले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. डॉक्टर संधिवात म्हणाले, गोळ्या दिल्या, धीर धरा म्हणाले. सकाळी उठल्यावर बोटं अशी आखडलेली असायची की वेणीची गाठसुद्धा सुटायची नाही. नसीम पाळण्यात रडायची आणि मी कडेला उभी राहून तिच्याशी नुसती बोलायची, कारण तिला उचलायची माझी हिंमत नव्हती. एकदा ती हातातून निसटता निसटता वाचली, तेव्हापासून शेजारची बाई येईपर्यंत मी वाट बघायची.

गुडघे वाकेनात, म्हणून जमिनीवर कपाळ टेकून सजदा होईना. बसून, खुर्चीवर, अगदी पडूनही नमाज चालते, हे मला लहानपणी गावच्या मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं. पण मी अडून बसले. माझं कपाळ जमिनीला लागावं असं अल्लालाच वाटत नसेल तर राहिलं, असं मनात म्हणाले.  घरधनी स्वतः पढायचा आणि जानमाज, नमाजाची चटई, घडी करून माझ्या नजरेआड ठेवायचा.

तशात सासूबाईंचं पत्र आलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं, सुनेला नि पोरीला पुढच्या आगबोटीने गावी धाडून दे, पोरीला थोरली सांभाळेल. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला मूल नव्हतं. ती नसीमला जिवापाड सांभाळेल हे मला ठाऊक होतं, आणि त्याचीच भीती होती. एकदा पोरगी तिच्या छातीला लागली की माझ्याकडे पाहुणीसारखी बघेल. घरधन्याने दोन तिकिटं काढली.  मी काय बोलणार? ज्या बाईला आपलं मूल उचलता येत नाही, तिने कुठल्या तोंडाने हट्ट धरावा?

आगबोटीला पंधरा दिवस होते तेव्हा त्याने वाळवंटातल्या त्या हॉटेलची गोष्ट काढली. जहरा गावाच्या पलीकडे, रस्ता सोडून आत, जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं, तिथे एका व्यापाऱ्याने आठ-दहा खोल्यांचं हॉटेल बांधलंय, असं त्याला दुकानाच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. मी नको म्हणाले. गरम पाण्याचं मला कौतुक नव्हतं. माझं माहेर दापोलीकडचं. उन्हवऱ्याच्या कुंडावर माझी आई दर हिवाळ्यात गुडघे शेकायला जायची आणि वारली तेव्हाही तिचे गुडघे तसेच होते.

तो एवढंच म्हणाला, "फरक पडला तर पडला. नाही तर आपण तिघं एक दिवस बाहेर जाऊन आलो असं समजू."

त्याच्या आवाजात असं काही होतं की मी नसीमचे कपडे भरायला घेतले. तिघांनी मिळून जाण्याची ती शेवटची वेळ, हे त्यालाही कळत होतं.

शुक्रवारी दुकानाची पिकअप मागून घेतली आणि सकाळीच निघालो. जहरा मागे पडल्यावर डांबर संपलं, मग नुसत्या चाकोऱ्या. हॉटेल दिसलं ते लांबून एखाद्या शाळेसारखं वाटलं. बैठं, चुना मारलेलं, पुढे पत्र्याची पडवी. पाण्याला गंधकाचा वास होता. त्या वासाने मला एकदम आईची आठवण झाली आणि माझं मन आणखीच कडू झालं. मॅनेजर बसऱ्याकडचा, मऊ बोलणारा माणूस होता. त्याला मोडकंतोडकं हिंदुस्तानी येत होतं. पुरुषांचा हौद वेगळा, बायकांचा वेगळा, मध्ये जाड भिंत. घरधनी नसीमला घेऊन पडवीत बसला आणि मी भिंतीला धरून आत गेले.

आत दोन अरब बायका होत्या. मी अंगावरच्या कपड्यांनिशी पहिल्या पायरीवर बसले, मग दुसऱ्या. थोड्या वेळाने उजेड पिवळा झाला, वारा सुटला, झरोक्यांतून धूळ यायला लागली. त्या बायकांना बाहेरून हाक आली तशा त्या घाईने अंग पुसून निघून गेल्या. मीही उठायला गेले. पायरीवर शेवाळ होतं. पाय सरकला आणि मी हौदाच्या खोल भागात गेले. पाणी फार नव्हतं, धडधाकट माणसाच्या छातीएवढं. पण माझे पाय खाली टेकेनात आणि कडेची लोखंडी दांडी हाताला लागूनही बोटं तिच्यावर मिटेनात. मी ओरडले. बाहेर वाऱ्याचा असा आवाज होता की मलाच माझं ओरडणं ऐकू येईना. नाकातोंडात पाणी गेलं. खरं सांगते, त्या घडीलाही मी अल्लाचं नाव घेतलं नाही. आईला हाक मारली.

मग कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज झाला. काळ्या झग्यातली एक म्हातारी, हनुवटीवर हिरवं गोंदण. तिने एक हात माझ्या पाठीखाली घातला, एक मानेखाली. मी तिला इतकी घट्ट बिलगले की तीही बुडायला लागली. मला सोडवून तिने पुन्हा धरलं आणि माझ्या डोळ्यांत बघत हळू म्हणाली, "तवक्कली. तवक्कली अलल्लाह."

मला अरबी बोली येत नव्हती. दोन वर्षांत दुकानदाराशी बोलण्यापुरते शब्द शिकले होते तेवढेच. पण हा शब्द मला येत होता. तवक्कल म्हणजे अल्लावर भार टाकणं, असं मौलवीसाहेबांनी आम्हां पोरींकडून घोकून घेतलं होतं. म्हातारीला काय म्हणायचं होतं कोण जाणे, कदाचित नुसतं घाबरू नकोस एवढंच असेल. मी मात्र तो शब्द ऐकला आणि खरोखरच भार टाकला. आधी मानेचा, मग पाठीचा, मग पायांचा. पाणी कानांवरून गेलं आणि वाऱ्याचा आवाज बंद झाला. मी तरंगत होते. खाडीकाठी वाढलेली मी, पण त्याआधी पाण्यावर अशी कधी निजले नव्हते.

लोक विचारतात, काही दिसलं का? काही दिसलं नाही. प्रकाश नाही, आवाज नाही. फक्त एवढं कळलं की गेले कित्येक महिने मी स्वतःला एकटीच उचलून धरत होते आणि त्याची काही गरज नव्हती. मला धरणारा कधीच गेला नव्हता. मी रडले. म्हातारी माझ्या तोंडावर पाणी मारत राहिली, जणू डोळ्यांतलं आणि हौदातलं एक व्हावं म्हणून.

तिने मला बाहेर काढलं, कोरडं केलं, कपडे बदलले. तेवढ्यात घरधनी दाराच्या पडद्याबाहेरून हाका मारू लागला. नसीम रडून लाल झाली होती. म्हातारीने पडद्याखालून तिला आत घेतलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. मग एक लांब टॉवेल घेऊन नसीमला माझ्या छातीशी आडवी बांधली आणि खांद्यावर पक्की गाठ मारली. तिच्यासाठी ती रोजची गोष्ट होती, त्यांच्यात मुलं अशीच बांधून बायका कामं करतात. माझे दोन्ही हात मोकळे होते आणि माझी मुलगी माझ्या अंगाशी होती. ती दोन उचक्या देऊन गप्प झाली. मी बाकावर बसूनच असरची, तिसऱ्या प्रहराची नमाज पढले, पोरगी तशीच बांधलेली.

वादळ ओसरल्यावर परत निघालो. वाटेत मी त्याला सांगितलं, मी जाणार नाही, नसीमही जाणार नाही.  तो म्हणाला, "उद्या तिकिटं परत करतो. अम्माला मी लिहितो." आणि नसीमला हादरा बसू नये म्हणून त्याने गाडी सावकाश घेतली.

मी त्या दिवशी बरी झाले नाही. त्या हिवाळ्यात आम्ही बऱ्याच शुक्रवारी तिकडे गेलो. गोळ्याही चालू होत्या. बोटं हळूहळू उघडत गेली, काही गाठी अजून आहेत. पाण्याने गुण आला, औषधाने आला की आणखी कशाने, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. शिफा, म्हणजे आराम, देणारा एकच आहे, वाटा त्याच्याच.

म्हातारीचं नाव उम्म सालिम. ती काही आभाळातून आलेली नव्हती. हॉटेलचे टॉवेल धुणारी बाई होती. दुसऱ्या खेपेला मी मॅनेजरला मध्ये घालून तिचे आभार मानले, तेव्हा ती हसायला लागली. त्या दिवशी वादळाची लक्षणं बघून धुणाऱ्या बायकांना लवकर गाडीत बसवून घरी धाडलं होतं. ती विसरलेली चप्पल आणायला मागे फिरली आणि गाडी निघून गेली. "मी आत बसून त्या ड्रायव्हरला शिव्या घालत होते," ती म्हणाली. "म्हणत होते, माझंच नशीब असं कसं." मग गंभीर होऊन तिने आभाळाकडे बोट केलं आणि पुन्हा कामाला लागली.

हिवाळा संपता संपता एकदा गेले तेव्हा ती पडवीत फाटके टॉवेल शिवत बसली होती. तिला जवळचं नीट दिसत नसे. मी शेजारी जाऊन बसले. तिने मान वर न करता सुई आणि दोरा ओवायला माझ्यापुढे धरला. मला जमेल का, असं तिच्या मनातही आलं नसावं. पहिल्यांदा दोरा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. मी घाई केली नाही. ज्याचं काम तो करून घेईल, म्हणून हात सैल सोडले. तिसऱ्यांदा दोरा पार गेला. उम्म सालिमने सुई घेतली आणि पुढचा टाका घातला.